नरसिंहाचा उजवा हात

शहापुरात हायवेच्या अलीकडे माझं ग्रिलचं दुकान आहे. खिडक्या, गेट, जिन्याचे कठडे, पत्र्याच्या शेडी. पोट त्यावर चालतं. पण किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत कुठल्याही गावात माझी चौकशी केलीत, तर "ट्रिकसीनवाला ना?" असंच विचारतील. जत्रेतल्या नाटकांना आणि गावोगावच्या बोहाड्यांना लागणारी हलती यंत्रं मी करतो. करत होतो म्हणायला हवं, पण अजून जीभ वळत नाही.

ट्रिकसीन ही काही फार मोठी विद्या नाही. भंगारात गेलेल्या वस्तूला पुन्हा कामाला लावायचं आणि दोरी दिसू द्यायची नाही, एवढंच. नागाची फणा मी मोडक्या छत्र्यांच्या काड्यांची केली होती. ओढली की ती फाडकन उघडायची आणि पुढे बसलेल्या बाया किंचाळायच्या. राक्षसाचे डोळे जीपच्या वायपरच्या मोटरवर फिरायचे. एकदा एका नाटकात देवाचं विमान कप्पीत अडकून अर्ध्यावरच राहिलं. खाली राजा हात जोडून उभा, पेटीवाला तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवतोय, आणि वरून देव ओरडला, "आरे खाली घ्या रे, मला मुतायला जायचाय." त्या नाटकाचं नाव आज कोणाला आठवत नाही, विमान सगळ्यांना आठवतं.

देवावर माझा विश्वास बेताचाच. दोरी कुठे बांधली आहे हे ज्याला माहीत, त्याचा बसणार तरी कसा? त्यावरून घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. माझा थोरला भाऊ, दादा, मात्र कधी काही बोलला नाही. तो म्हणायचा, तू मागं बस, मी पुढं उभा ऱ्हातो, दोघांचं बी भागतंय.

आमचं गाव मुरबाडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. होळीनंतर तिथे बोहाडा होतो. देवांची आणि राक्षसांची सोंगं मुखवटे घालून गावाच्या मधल्या वाटेने निघतात, पुढे संबळ आणि पिपाणी. प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. ज्यांच्याकडे गणपती, त्यांच्याच घरचा माणूस गणपती नाचवणार. दुसऱ्याने त्या मुखवट्याला हातही लावायचा नाही. आमच्या घराकडे नरसिंह. आजोबा, मग वडील, मग दादा. लागोपाठ दोन वर्षं सोंग निघालं नाही, तर मुखवटा देवीच्या देवळात नेऊन ठेवायचा आणि गाव तो दुसऱ्या घराला देणार. हा नियम कोणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

नरसिंह सगळ्यात शेवटी निघतो, उजाडता उजाडता. पुराणात तो संध्याकाळी येतो, पण आमच्या गावाने त्याला पहाटेची पाळी दिली आहे. दिवस नको, रात्र नको, एवढी अट पाळली म्हणजे झालं. पूर्वी त्याचा खांब म्हणजे दोघांनी ताणून धरलेलं रंगीत लुगडं असायचं. वेल्डिंग शिकून आल्यावर मी पहिली वस्तू केली ती हा खांब. बॉक्स पाईपचा सांगाडा, वरून बांबूची चटई आणि कागद, मधोमध दोन झडपा, आत ट्रकच्या सीटची स्प्रिंग. खिटी ओढली की झडपा धाडकन बाहेर पडायच्या. त्याच वेळी कोणीतरी टेंभ्यावर मूठभर राळ टाकायचं, जाळ उसळायचा, आणि त्या उजेडात दादा उभा.

मी मागे खिटी धरून बसलेला माणूस, तरी माझ्या अंगावर काटा यायचा. दादा उजवा हात वर न्यायचा आणि तिथेच धरून ठेवायचा. संबळ थांबायचा. अख्खं गाव त्या हाताकडे बघत गप्प. मग तो हात खाली यायचा आणि राक्षस मरायचा. त्यानंतर दादा खांबाच्या चौथऱ्यावर बसायचा आणि बाया आपली तान्ही पोरं आणून त्याच्या पायाशी ठेवायच्या. प्रत्येकाच्या डोक्यावर तो उजवा हात ठेवायचा. आज आमच्या गावात नुकत्याच मिशा फुटलेले जेवढे आहेत, ते सगळे त्या हाताखाली रडलेले आहेत.

गेल्याच्या गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत, आवणाच्या, म्हणजे भातरोपांच्या, मुठी टाकत असताना दादाच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. ठाण्याच्या दवाखान्यात पडून राहिला, मग घरी आला. पाय थोडा परतला, ओढत का होईना चालू लागला. जीभ अर्धी परतली. एकेक शब्द मोठ्या मिनतवारीने काढायचा, दोन शब्दांच्या पुढे गेला की अडखळायचा. हात परतला नाही. पोटाशी दुमडलेला तो तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले होते, जे यायचं ते पहिल्या काही महिन्यांत येईल. ते महिने गेले.

पहिल्या वर्षी सोंग निघालं नाही. दुसऱ्या वर्षी बोहाड्याची बैठक बसली तेव्हा गावाने अगदी सांभाळून विषय काढला. धाकट्या भावाने नाचवावं, असं म्हणणं पडलं. म्हणजे मी. मला नाचता येत नाही हे गावाला माहीत आहे, लग्नातल्या वरातीत ते सगळ्यांनी पाहिलं आहे. तरीही मी हो म्हणायला तयार होतो. दादाने डाव्या हाताने जमिनीवर थाप मारली आणि म्हणाला, "मी हाय."

दोनच दिवसांनी तो वहिनीला घेऊन माझ्या दुकानात आला. मी एका गेटला ग्राइंडरने घिसाई मारत होतो. मशीन बंद केलं. तो स्टुलावर बसला, दम घेतला आणि डाव्या हाताने उजवं मनगट उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. दुरुस्तीला आणलेली वस्तू ठेवावी तसं.

"खांब... हलवतोस," तो म्हणाला. "साप हलवतोस. ह्यो हलव."

मला त्या वेळी काय वाटलं? आनंद झाला. इतके महिने त्याच्या खाटेशी बसून मी काय करायचं हेच मला कळत नव्हतं. डॉक्टरांची भाषा माझी नाही, देवाची तर नाहीच. आता तो माझ्या भाषेत काहीतरी मागत होता. त्याला त्या चौथऱ्यावर पुन्हा बसायचं होतं, गावासमोर, पोरं पायाशी घेऊन. तेवढं झालं असतं तर पुढचं सगळं त्याने सोसलं असतं, अशी माझी समजूत होती. मी लगेच टेप काढून त्याच्या दंडाचं माप घेतलं.

काम मी गावी, गोठ्यात केलं. जीपच्या सीटबेल्टचा पट्टा दादाच्या दोन्ही खांद्यांवरून घेतला. दंडाला आणि मनगटाला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कातडी सोलू नये म्हणून आतून जुन्या गोधडीचं अस्तर. कोपराला छोटी बिजागरी. मनगटापासून मोटारसायकलची क्लच वायर निघायची, ती खांद्यावरच्या कप्पीवरून पाठीत, आणि तिथून खांबाच्या मागच्या फळीतल्या भोकातून माझ्या हातातल्या दांड्यापर्यंत. वरून नरसिंहाची आयाळ आणि लाल झगा आला की यातलं काहीही दिसणार नव्हतं. दादाने फक्त खांबाजवळून हलायचं नाही, एवढं ठरलं.

पहिल्यांदा दांडा ओढला तर हात सरळ त्याच्याच तोंडावर आपटला. दादा अर्ध्या तोंडाने हसला. वहिनी हसली नाही. वर नेणं सोपं होतं, खरी अडचण खाली आणण्याची. गेलेला हात फार जड असतो. सोडला की धपकन पडतो, आणि जिवंत माणसाचा हात असा पडत नाही. मी खूप डोकं खाजवलं. शेवटी कचेऱ्यांच्या दारांना वरच्या बाजूला बसवतात ती दार हळू मिटणारी नळी आणली आणि दांड्याला जोडली. त्या दुपारी हात वर गेला, तिथे थांबला आणि सावकाश, अगदी जपून, खाली आला. दादा आपल्याच हाताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी मूर्खासारखा नळीला तेल घालत होतो.

वहिनीने मला गोठ्याबाहेर गाठलं. ती फार बोलणारी बाई नाही.

"भावजी, ह्यांना आशा नका लावू. हात गेला तं गेला. मन अजून जाग्यावर हाय, ते तरी ऱ्हाऊ द्या."

"अगं वहिनी, एका सकाळचा तर प्रश्न आहे," मी म्हणालो. "सोंग निघालं की उतरवून ठेवू."

"तुमी उतरवाल," ती म्हणाली आणि गुरांना पेंढा टाकायला गेली.

बोहाड्याच्या पहाटे मी खांबाच्या मागे बसलो. सोबत आमचा एक शेजारी होता, माझ्याच वयाचा. खांब उचलायला, वायर ओवायला तोच मदतीला होता. पूर्वेकडे फटफटलं होतं. पिपाणीने सूर बदलला, मी खिटी ओढली, झडपा उडाल्या, राळेचा जाळ झाला. दादाने डरकाळी फोडली. मुखवट्याच्या आत बोबडेपणा कळत नाही, डरकाळी ती डरकाळीच. मग मी दांडा ओढला.

हात वर गेला. संबळ थांबला. मला मागून फक्त पाठ दिसत होती आणि पाठीपलीकडे लोकांची तोंडं. सगळ्या गावाला माहीत होतं की त्या बाजूला जीव नाही. कोणीतरी बाई मोठ्याने ओरडली, "हात आला! नरसिंगाचा हात आला गो!" मग जो गलका झाला तसा आमच्या वाटेवर मी कधी ऐकलेला नाही. राक्षस झालेला माणूस मरायचं विसरला आणि तोही हात जोडून उभा राहिला.

बाया पोरं घेऊन आल्या. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. मी दर पोरासाठी दांडा ओढायचो, नळी हात सावकाश खाली आणायची, बोटं पोराच्या टाळूला टेकायची. मग म्हातारे आले. कमरेत वाकलेली म्हातारी आली. माझ्या तळहाताची साल निघाली. माझ्या शेजारी बसलेला तो आमचा शेजारी मध्येच उठला, घरी जाऊन नात घेऊन आला आणि रांगेत उभा राहिला. त्याला मी नंतर विचारलं, अरे, वायर तू ओवलीस ना? तो म्हणाला, "ववली ना, माज्याच हातानं ववली. पर हात वर गेला तवा मला वायर नाय दिसली." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं ट्रिकसीन मी त्या सकाळी केलं होतं.

सगळं आटपल्यावर गोठ्यात मी पट्टे सोडायला लागलो, तर दादाने मला ढकललं. मुखवटा काढलेला, घामाने डबडबलेला, तोंड लहान मुलासारखं उजळलेलं.

"शेवटी... मी उचलला," तो म्हणाला. "तू नाय. मी."

मी त्याला माझा सोललेला तळहात दाखवला. त्याने तो नीट पाहिला. मान हलवली.

"तू बी... ओढत असशील," तो म्हणाला.

त्यावेळी मी हसण्यावारी नेलं. दमलेला आहे, उद्या उतरेल असं वाटलं. पट्टे काढले, खुंटीला टांगले आणि शहापूरला परतलो. मला गेटांच्या ऑर्डरी होत्या.

आठवडाभराने वहिनीचा फोन आला. दवाखान्यातून दिलेला रबरी चेंडू दाबायचा व्यायाम दादाने सोडून दिला होता. देवाने दिलंय ते चेंडूकडे काय मागायचं, असं त्याचं म्हणणं. "जेवाय बसतात, भावजी," वहिनी म्हणाली, "आन उजव्या हाताची वाट बगतात. डावा लावत नाय ताटाला. मी भरवाय गेली तं तोंड फिरवतात. भाकर वाळून जाते." फोन चालू होता, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

मी रविवारी गेलो. दादाला समजावून सांगायचं असं मनाशी ठरवून गेलो होतो. पोचलो तर अंगणात एक जीप उभी. वैशाखऱ्याहून एक बाई आली होती, तिशीच्या आतबाहेरची. सोबत तिचा नवरा. तिने आणि जीपच्या ड्रायव्हरने धरून त्याला ओटीवर आणून बसवलं होतं. त्याच्याही अंगावरून वारं गेलेलं, तेही उजव्याच बाजूने. मान एका बाजूला कललेली, तोंडातून लाळ. ती आपल्या पदराने ती पुसत होती.

"बोहाड्याचा आयकला," ती मला म्हणाली. "बाबांचा हात ह्यांच्या डोसक्यावं ठेवला का झाला. दुसरा काय नको."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तिला हाताला धरून गोठ्यात नेलं म्हटलं तरी चालेल. पट्टे दाखवले, कप्पी दाखवली, क्लच वायर हातात दिली. हे मी केलंय, दुकानातल्या सामानाचं केलंय, मागे बसून मीच ओढत होतो, सगळं सांगितलं. बाई, हे नाटक असतं, असंही म्हणालो. तिने एकेक वस्तू शांतपणे पाहिली. ऐकून घेतलं.

"व्हय," ती म्हणाली. "पर तुमाला ह्यो करायची बुद्धी कोनी दिली? त्यानंच ना?"

मी वायर परत खुंटीला टांगली. परत ओटीवर आलो तर दादा सरसावून बसला होता. आमचं बोलणं त्याने ऐकलं असणार, गोठा काही लांब नाही. त्याने त्या माणसाला जवळ आणायला खुणेने सांगितलं. बाईने नवऱ्याचं डोकं पुढे धरलं, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

दादाने हात उचलायला सुरुवात केली. म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तो उचलतो आहे. मानेच्या शिरा ताठल्या. खांदा किंचित वर आला, थरथरला. कपाळावर घाम फुटला. हात मांडीवर होता तिथेच होता. एक बोटसुद्धा हललं नाही. वहिनी दारात उभी होती, तिने आत जाऊन तोंड लपवलं नाही, बघत राहिली. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाईने डोळे उघडले नव्हते.

मग दादाने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, उचललं आणि त्या माणसाच्या डोक्यावर ठेवलं. सोडलं तसा हात घसरून खाली पडला. त्याने पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तेव्हा बाईने डोळे उघडले, दादाचा हात आपल्या दोन्ही हातांनी धरला आणि नवऱ्याच्या डोक्यावर दाबून ठेवला. तिला सगळं कळलं होतं. तरी तिने नमस्कार केला, ओटीवर नारळ ठेवला, आणि ड्रायव्हरच्या मदतीने नवऱ्याला उचलून जीपमध्ये घातलं. जीप वळून रस्त्याला लागली.

"टोप... देवळात दे," दादा म्हणाला. टोप म्हणजे मुखवटा.

"का म्हणून?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "सोंग निघालंय ना या वर्षी? कोणी मागितलाय का? दादा, मी पुढच्या वर्षी बॅटरीवर करतो. छोटी मोटर मिळते, दंडातच बसवू. वायर नाही, खांबाला चिकटून बसायला नको. पाहिजे तिकडे फिरशील. बोटंसुद्धा मिटवता येतील, मी सगळा विचार केलाय." मी खरोखर विचार केलेला होता. मी हातवारे करून त्याला ती मोटर कुठे बसेल ते दाखवत होतो.

तो माझं बोलणं संपेपर्यंत थांबला. डाव्या हाताने त्याने उजवा हात मांडीवर नीट ठेवला, बोटं सरळ केली.

"माजा हात येकदाच गेल्ता रे," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा तो तू नेलास, आन आता मला त्याची वाट बगायची सवय लागली."

आजारानंतर एवढं लांब बोलणं तो पहिल्यांदाच न अडखळता बोलला.